पंचविसावं जोडपं

(अमरावती. फुलबाजारात खुशालरावांचं दुकान, सकाळची गर्दी ओसरल्यावर. बाकड्यावर रागिणीताई, बेघर कुटुंबांचं काम पाहणाऱ्या समन्वयक; खाली गोणपाटावर करिश्मा, समोर झेंडूची पाटी.)

रागिणी : चहा नंतर, खुशालराव. आधी सांगा, पंचविसावं जोडपं मांडवात उभं राहिलं, तेव्हा तुमच्या पदरात काय काय पडलं?

खुशालराव : माह्या पदरात? अक्षता पडल्या ताई. पोट्ट्यायनं नेम धरू-धरू मारलेल्या.

रागिणी : मी मोजते, चुकलं तर सांगा. तुमच्या सामूहिक विवाहाच्या देणगीदारांची अट होती. पूर्ण पंचवीस जोडपी भरली तरच भांडी, पलंग, गादी, आणि दिवाळीआधी प्रत्येक नवरीला शिलाई मशीन. एक जरी कमी, तर काहीच नाही. आणि तुमचं गाडं चोवीसवर अडलं होतं.

खुशालराव : अडलं नोतं, अडवलं होतं. त्या चांदूरच्या पोट्ट्यानं. आदल्या रोजी हळद लागली अन् मावशीच्या ननदेच्या पोरीसंगं मोटरसायकलवर पसार. हळदीसकट! अजून सापडला नाही. पिवळा मानूस एवढ्या उजेडात कसा लपते, सांगा बरं.

रागिणी : तेव्हा पंचविसावं जोडपं मी आणून दिलं. चोवीस घरांची अब्रू राहिली. बारा वर्षांच्या तुमच्या समितीचं नाव राहिलं. चौकात फोटो लागला.

खुशालराव : फोटो दरसालचाच हाय. कोट बी तोच. तुमी तं मुनीमच हा ताई, माहं सारं लिवून ठेवलं. आता तुमचं मोजू का? या बाईले अन् तिच्या नवऱ्याले घेऊन तुमी दोन वर्स कचेऱ्या झिजवल्या. अकोल्याच्या 'थारा' नावाच्या निवाऱ्यात नवरा-बायको-लेकरू एकत्र राहाले खोली, सबन पट्ट्यात तेवढीच. अन् खोलीले पायजे लगनाचा कागद. यायच्यापाशी कागद म्हनशीन तं बिडीच्या बंडलाचा. तुमी याच बाकड्यावर बसून म्हनाल्या, 'खुशालराव, तुमाले जोडपं कमी पडलं, मले कागद कमी पडला.' म्हनाल्या का नाही?

रागिणी : म्हणाले.

खुशालराव : मंग. गरज दोनीकडून होती. म्या कोनाले कुकू लावून मांडवात नेलं नाही.

करिश्मा : मले लावलं ना बाबा. चंदनले बाशिंग बी बांधलं. नऊ वर्साच्या संसाराले बाशिंग.

खुशालराव : तू हसत होती व तवा. अंतरपाटाच्या खालून.

करिश्मा : हासू आलंच होतं. आचल करवली झाली होती माही. आपल्याच मायबापाच्या लगनात करवली, हातात कऱ्हा घेऊन. बाया इचारत, कोनाची व पोरगी, लय गोड हाय. म्या म्हनलं, हाय कोनाची तरी.

खुशालराव : पाय! अन् बुंदी?

करिश्मा : दोनदा घेतली. पैल्या लगनात भट्टीवर देवापुढं नारळ फोडला अन् दुपारी इटा थापाले बसली. दुसऱ्या लगनात जेवाले भेटलं. तिसरं केलं असतं तं पलंगाले मच्छरदानी बी भेटली असती.

रागिणी : करिश्मा, पुरे.

करिश्मा : मंग काय रडू? रडली परवा. आज हासून पायते.

खुशालराव : झालं काय पन? सकाळी सकाळी दोघी आल्या, चेहरा पाहा तं मयतीवरून आल्यासारखा. खोली काढली का त्यायनं?

रागिणी : खोली नाही, पोरगी. पाच महिने सुरळीत गेले. चंदनला जठारपेठेत एका दुकानात माल चढवायचं काम लागलं. आचलला शाळेत घालायचं ठरलं. शाळेनं जन्माचा दाखला मागितला. दाखला नाही, कारण ती झाली वीटभट्टीवर, आणि भट्टीवाला लेकरांच्या नोंदी करत नाही, विटांच्या करतो. निवाऱ्यानं आपल्याकडे होता तो एकच कागद जोडून दिला.

खुशालराव : लगनाचा.

रागिणी : लग्नाचा. लग्न यंदाच्या वैशाखातलं आणि पोरगी आठ वर्षांची. शाळेतल्या बाई हुशार निघाल्या. हुशार म्हणजे, त्यांचंही बरोबरच आहे. लेकरं पळवून भीक मागायला लावणारे आपणच पाहिलेत की. त्यांनी बालकल्याण समितीला कळवलं. नोटीस आली. ही मुलगी या दोघांची कशावरून? गुरुवारी सुनावणी. पुरावा दिला नाही, तर चौकशी होईस्तोवर आचल बालगृहात.

खुशालराव : किती दिवस?

रागिणी : कागदावर तीन महिने. मी दीड-दीड वर्ष अडकलेली लेकरं पाहिलीत.

खुशालराव : आरारारा.

करिश्मा : पुलाखाली व्हतो बाबा, चार वर्स. गाड्या वरतून जात, खाली आमी. चार वर्सात कोनी इचारलं नाई, पोरगी कोनाची. दाराले कडी आली अन् पैला सवाल हाच.

खुशालराव : अंगनवाडी-बिंगनवाडीत नाव नसन का कोठी?

रागिणी : चार महिने भट्टी, चार महिने जिनिंग, मग पूल. एका रजिस्टरात टिकायला माणूस एका जागी तर पाहिजे. मी सगळीकडे फिरले. निवारा म्हणतो, लेकराचा विषय आमचा नाही. बालसमिती म्हणते, लग्नाचा विषय आमचा नाही. शाळा म्हणते, आम्ही फक्त कळवलं. मागच्या आठवड्यात सगळ्यांची समन्वय बैठक लावली. नऊ खुर्च्या, नऊ पाण्याच्या बाटल्या. दोन तासांत एवढंच ठरलं, की पुढची बैठक लवकर घ्यावी. समन्वयक म्हणजे काय सांगू तुम्हाला? एका टेबलावरचं दुखणं उचलून दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवणारी बाई.

खुशालराव : अन् आज माह्या टेबलावर आनलं.

रागिणी : हो. दोन ओळी पाहिजेत. 'चंदन आणि करिश्मा यांचा संसार नऊ वर्षांचा आहे, हे मला माहीत होतं. सोहळ्यात त्यांचं लग्न कागदापुरतं लावलं. आचल त्यांचीच मुलगी.' खाली तुमची सही आणि समितीचा शिक्का. तुमच्या शब्दाला या पंचक्रोशीत वजन आहे.

खुशालराव : वजन हाय म्हनूनच दबते मानूस. ताई, आमी देणगीदारायले प्रतिज्ञापत्र देल्लं हाय. पंचवीसच्या पंचवीस जोडप्यायचा पैलाच विवाह. पंध्रा दिसात मशिनी येऊन राह्यल्या. म्या आता लिवून देल्लं का, बाप्पा, एक खोटं होतं, तं पंचवीसचे झाले चोवीस. अन् चोवीसले काय भेटते ते तुमीच आता सांगतलं.

रागिणी : मशीन म्हणजे लेकरू नाही, खुशालराव.

खुशालराव : तुमाले वाटते मशीन म्हंजे लोखंड. नांदगाव खंडेश्वरच्या डोमाजीची पोरगी घ्या. सासरच्यायनं मशिनीवर डोळा ठेवून बाकीचं मांगनं सोडलं. रोज फोन येते, 'खुशालबाबा, आली का?' नाही आली तं पोरगी बापाच्या घरी परत येईन, मशीन आनाले नाही, राहाले. अन् माणिकबाईची नात, उजवा पाय बारीक. वावरात जमत नाही. तिनं आतापासून शेजारपाजारच्या ब्लाऊजचे मापं घेऊन ठेवले. अशा चोवीस. एकीपायी चोवीस घरं...

करिश्मा : पंचवीस बाबा. माही बी मशीन हाय त्यात.

खुशालराव : हाव व माय. तुही बी.

रागिणी : मी कुणाचं वाईट व्हावं म्हणून आले नाही.

खुशालराव : मले मालूम हाय. वाईट कराले मानूस सकाळी नाही येत, तो सांजच्याला येते अन् गोड बोलते. बरं, आना पेन. आना तं खरं.

रागिणी : हे घ्या.

खुशालराव : आज तारीख काय?

रागिणी : चौदा.

खुशालराव : चौदा... पन समितीचा शिक्का लावाचा तं मीटिंग घ्या लागन. सचिव पडला अकोटले, पोरीच्या बाळंतपनाले गेला. गुरुवारच्या आत काही येत नाही तो. अन् एक सांगा ताई. तो फारम कोनं भरला होता?

रागिणी : कोणता?

खुशालराव : या जोडप्याचा. सोहळ्याचा. माह्या डोळ्याले मोतीबिंदू हाय, पन अक्षर वळखतो मी. बाकीच्या चोवीस फारमावर कोंबडीनं पाय देल्ला, अन् पंचविसाव्यावर मोत्याचा दाना. 'दोघांचाही पहिला विवाह', पुढं बरोबरची खून. कोनाची होती?

रागिणी : माझी.

खुशालराव : मंग गुरुवारी तुमचीच सही काहून नाही चालत? तुमी तं त्यायच्या बैठकीत बसता. पान्याची बाटली तुमच्याही पुढं असते. तुमी लिवा का, 'म्या या दोघायले सहा वर्सापासून वळखते, संसार जुनाच हाय, फारम म्या भरला, खुशालरावले मालूम नोतं.' मंग आमची समिती फसली. फसल्याले देणगीदार माफ करते हो. फसवनाऱ्याले नाही करत.

रागिणी : म्हणजे माझी नोकरी.

खुशालराव : म्या नाव नाही घेतलं नोकरीचं.

रागिणी : घ्या ना. सगळेच मोजतोय तर तेही मोजा. खोटी माहिती भरली म्हणून संस्था मला त्याच दिवशी काढेल. काढू दे. माझं पोट काय, कुठंही भरेल. पण माझ्या कपाटात अकरा कुटुंबं आहेत, खुशालराव. एकाचं आधार कार्ड अर्ध्यात, एकीची प्रसूती पुढच्या महिन्यात, एका म्हाताऱ्याचा इलाज तीन कचेऱ्यांच्या सह्यांवर लटकलेला. माझ्या जागी दुसरी बाई यायला सहा महिने, आली की फायली वाचायला सहा. तोवर तो म्हातारा थांबेल का?

खुशालराव : म्हंजे तुमच्या अकरा अन् माह्या चोवीस.

रागिणी : असं नका मांडू.

खुशालराव : कसं मांडू मंग? तुमीच मोजनी सुरू केली. म्या तं चहा म्हनलं होतं.

रागिणी : तुम्हाला वाटतं मला लाज नाही? चार रात्री झोप नाही. त्या खुणेच्या चौकटीवर पेन टेकवला तेव्हा मनात आलं होतं, एखाद दिवशी हे अंगावर येणार. पण समोर एवढीशी पोरगी, पुलाखाली, अंगात ताप. म्हटलं, खोली तर मिळू दे, पुढचं पुढे.

खुशालराव : पुढचं पुढंच असते ताई. तेच तं त्याचं वाईट.

करिश्मा : ताई, एक इचारू?

रागिणी : विचार.

करिश्मा : तुमी लिवा नाईतं बाबा लिवो. खरं लिवलं का लगनाचा कागद खोटा होते ना?

रागिणी : ...होतो.

करिश्मा : खोली त्याच कागदावर भेटली.

रागिणी : खोलीसाठी मी विनंती करीन. विशेष बाब म्हणून. मी स्वतः त्यांच्या...

करिश्मा : म्हंजे जाईन.

रागिणी : प्रयत्न करता येतो, करिश्मा.

करिश्मा : पयत्न केला का दोन वर्स लागते. मोजले म्या. खरं सांगतलं तं पोरगी राह्यते, खोली जाते. खोटं चालू ठेवलं तं खोली राह्यते, पोरगी जाते. पुलाखाली गेलो वापस, का ते बालगृहवाले तिथूनबी नेईन. म्हनन, लेकराले छत नाई.

खुशालराव : बुद्धी पाय पोरीची. शिकली असती तं कलेक्टर झाली असती.

करिश्मा : कलेक्टरीन झाली असती तं ह्याच फायली पाह्यल्या असत्या बाबा. राहू द्या. म्या ठरवलं हाय गुरुवारचं.

रागिणी : काय ठरवलंस?

करिश्मा : म्या सांगन, आचल माही हाय. लगनाच्या आंधीची. बाप कोन, ते सांगत नाई. भट्टीवर जिनं नाळ कापली ते पार्बतामावशी जित्ती हाय, ते येते म्हनली. ते सांगन का पोरगी याच बाईच्या पोटची. माय पक्की झाली तं पोरगी कोन नेते? लगनाचा कागद खरा राह्यला. खोली राह्यली. बाबाच्या मशिनी राह्यल्या. तुमचे अकरा घरं राह्यले.

खुशालराव : अवो...

रागिणी : तुला कळतंय का तू काय बोलतेस? हे एकदा दप्तरी लागलं की पुसलं जात नाही. जाशील त्या कचेरीत शिपाईसुद्धा तुला वरपासून खालपर्यंत बघेल.

करिश्मा : आता बी पायते. तवा कारन भेटन त्याले.

रागिणी : आणि आचलच्या दाखल्यात वडिलांची जागा कोरी राहील. जन्मभर. शाळेत, परीक्षेत, लग्नात.

करिश्मा : रेघ वढते म्हने तिथं. बाईनं सांगतलं. एक लहान रेघ.

रागिणी : आठ वर्षं ज्यानं खांद्यावर घेऊन फिरवलं तिला, त्या चंदनला काय सांगशील? त्यानं डोक्यात दगड घातला तर?

करिश्मा : त्यानंच सांगतलं मले.

रागिणी : कुणी? चंदननं?

करिश्मा : नोटीस वाचून घेतली त्यानं शेजारच्या खोलीतल्या मास्तरकडून. दोनदा वाचाले लावली. अन् मंग म्हने, 'करिश्मा, मले कागदावरून काढ अन् खोलीत ठेव. कागदावर म्या असलो तं पोरगी जाते, अन् नसलो तं काय जाते?' म्या म्हनलं, तू जाते. तं म्हने, 'म्या कोठी जातो व, म्या तं इथंच बसलो हाय.'

खुशालराव : बाईले बोल लागन, हे नाही म्हनला का तो?

करिश्मा : म्हनला. तवाच रडला. म्या नाई रडली, म्या आधीच रडून बसली होती.

खुशालराव : मंग सकाळपासून आमची दोघायची कुस्ती काहून पायत बसली तू? घंटाभर झाला. हार गुंफू-गुंफू पाटी खाली केली माही.

करिश्मा : तुमचं बोलनं आयकत होती. म्हनलं, दोघायपैकी कोनी लिवून देते का पावं.

खुशालराव : म्या पेन मांगतला होता व.

करिश्मा : हाव. मांगतला होता.

रागिणी : आणि आमच्यापैकी कुणी लिहून दिलं असतं तर?

करिश्मा : तं घेतलं नसतं. खोलीचं कळल्यावर कसं घेईन? पन चंदनले जाऊन सांगतलं असतं का, एकजन देत होतं म्हनून. त्याले बरं वाटलं असतं.

रागिणी : करिश्मा, मी...

करिश्मा : नका ताई. तुमी बऱ्या हा. बाबा बी बरे हाय. तुमाले अकरा, त्यायले चोवीस. आमच्यापाशी एकच होती, म्हनून आमाले मोजाले सोपं गेलं.

खुशालराव : गुरुवारी म्या येतो अकोल्याले. काही नाही तं पार्बताबाईले गाडीत घालून आनतो. म्हातारी एसटीत येईन तं कंबर मोडन तिची.

करिश्मा : या बाबा. पन आत नका येजा. तुमाले इचारलं तं तुमी खोटं बोलान, अन् तुमाले जमत नाई. कान लाल होते तुमचे.

खुशालराव : ताई, मांडा आता तुमचा हिसाब. तुमच्या फायली जाग्यावर. माह्या मशिनी जाग्यावर. निवाऱ्याची खोली भरलेली, शाळेचा पट वाढलेला, बालसमितीची फाइल बंद. पाच कचेऱ्यायचं समाधान झालं एका दिवसात. तुमच्या नऊ बाटल्यायच्या बैठकीत नाही जमलं ते.

रागिणी : गप्प बसा, खुशालराव. पाया पडते.

खुशालराव : म्या मलेच म्हनून राह्यलो ताई. तुमाले नाही... आचलले सांगतलं का व, करिश्मा?

करिश्मा : सांगा लागलं. साहेबायनं तिलेच इचारलं तं? पाच महिन्याआंधी आलेल्या मानसाले लेकरू इतक्या लवकर बा म्हनत नाई. म्हनून काका म्हनाले शिकवलं.

रागिणी : ती तयार झाली?

करिश्मा : तिले खेळ वाटला. काल दिवसभर काका-काका करत फिरली घरात. पोट्टी दोनदाच चुकली. चंदनले एकदाबी ओ देता नाई आली.